तिसऱ्या धुतल्या आणि पुरावा गेला

मधूने नवी गाडी घेतली, चामुंडी टेकडीवर नेऊन चाकाखाली लिंबं चिरडली आणि म्हणाला, "अक्का, चल, समुद्र दाखवतो." मधू माझा धाकटा भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून फोनवरून जगाला सावध करायचं काम बिनपगारी करतो.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरहून पहाटे निघालो. तुम्ही जाणार असाल तर हुणसूरला कॉफी, कुशालनगरला इडली उरका. मडिकेरीनंतर संपाजे घाटात पोट हलकं असलेलं बरं. रस्ता चांगला आहे, पावसाळ्यात मात्र दरडींची चौकशी करून निघा. गाडीत मधूचा एकच कायदा होता: वास येईल असं काही आणायचं नाही. माझी लोणच्याची बरणी दारातच राहिली.

उडुपीच्या अलीकडे खाडीकाठी गिरिजक्कांकडे उतरलो. त्या दोन खोल्या भाड्याने देतात आणि ओहोटीला पाण्यात उतरून तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले, तिकडे मरवाय म्हणतात. खोली आणि जेवण धरून शहरातल्या साध्या लॉजइतकाच खर्च येतो, आणि लॉजमध्ये नीरदोशांबरोबर ओल्या खोबऱ्यातलं तिसऱ्यांचं असलं सुकं मिळत नाही. मी बेताने खाल्लं. मधूने तीन ताटल्या संपवल्या. चौथी मागवताना फोन वाजला: "समुद्र लाल झालाय, कारखान्याच्या पाण्याने शिंपल्यांत विष, लिंबू पिळूनच खा." उजव्या हाताने शिंपला धरून डाव्या हाताने त्याने तो निरोप सगळ्या गटांवर पाठवला. समोरचा समुद्र नेहमीसारखा हिरवट होता.

सकाळी मधूचा मुक्काम खोलीत कमी, न्हाणीघरात जास्त. तिथूनच त्याने दुसरा निरोप लिहिला, गावाच्या नावासकट, खाली 'स्वतःचा अनुभव'. दुपारपर्यंत तो फिरत फिरत गिरिजक्कांच्याच फोनवर आला. पाठोपाठ त्यांच्याकडून तिसऱ्या घेणाऱ्या हॉटेलवाल्याचा फोन: उद्यापासून माल नको.

गिरिजक्का रागावल्या नाहीत. कन्नडमध्ये म्हणाल्या, "विष असेल तर असो. पण किती दिवस, ते कोण सांगणार? या निरोपाला शेवटच नाही. मी जन्मभर घरी बसू?"

"माझी लेक सांगेल की," मी छाती पुढे काढून म्हटलं. "म्हैसूरला प्रयोगशाळेत असते. मोठं यंत्र आहे."

त्यांनी बर्फात घालून ताज्या तिसऱ्या दिल्या. मधू डिकीच उघडेना. "अक्का, वास." मग मी तिसऱ्या उघडल्या, आतली काळी घाण काढली, मांस चार पाण्यांतून धुतलं, हळद-मीठ चोळलं. आम्ही कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या घरातली माणसं. धुवायला घेतलं की पाणी नितळ होईपर्यंत सोडत नाही. डबा देवापुढे ठेवण्यासारखा झाला.

रेखाने, म्हणजे माझ्या लेकीने, तो उघडला आणि बोटाने हळद पुसून पाहिली.

"आई, हा नमुना आहे की कालवणाची तयारी?"

"स्वच्छ करून आणलाय."

"तेच म्हणते. विष साठतं ते त्या काळ्या भागात. तू पुरावा मोरीत ओतलास. आता यात काही सापडलं नाही तरी त्याला अर्थ नाही."

मग मला बसवून सांगितलं. विष बनतं पाण्यातल्या बारीक शेवाळात. शिंपला पाणी गाळून जगतो, विष पोटात ठेवतो, त्याला स्वतःला काही होत नाही. शिजवून ते जात नाही, लिंबाने तर नाहीच; आणि पाण्याच्या रंगावरून काही कळत नाही.

गिरिजक्कांना फोन केला: न धुता, बर्फात, बसने पाठवा. तपासणीची फी मी मधूकडून घेतली. अनुभव त्याचाच होता ना.

रेखाने तिसऱ्या वाटून मेथनॉलमध्ये विष उतरवलं. तेवढं मला लगेच कळलं, आमच्या घरी मुळ्यांतून रंग असाच उतरवायचे. गाळलेला थेंब यंत्रात गेला. यंत्र कणांची वजनं करतं.

"एका वजनाची माणसं गर्दीत पुष्कळ असतात," रेखा म्हणाली. "म्हणून तो कण फोडायचा आणि तुकड्यांची वजनं शुद्ध विषाच्या तुकड्यांशी ताडून बघायची. सगळं जुळलं तरच नाव घ्यायचं."

"मधूमामाला आठवडाभर इथे बसव," मी म्हटलं.

"नको, यंत्र महाग आहे."

जुळलं. ओकाडाइक अ‍ॅसिड, जुलाब लावणारं विष, मर्यादेपेक्षा जास्त.

"बघ," मधू म्हणाला. बघितलं. समुद्र लाल नव्हता, कारखान्याचा संबंध नव्हता, लिंबाचा उपयोग नव्हता. बरोबर होतं ते फक्त त्याचं पोट.

गिरिजक्कांना मीच फोन करून सांगितलं. शेवाळ ओसरलं की तिसऱ्या आपोआप साफ होतात, पण तपासल्याशिवाय विकू नका, म्हटलं.

"म्हणजे शेवट आहे," त्या म्हणाल्या. हॉटेलवाल्याला त्यांनी स्वतःच सांगितलं, शेजारणींनाही पाण्यात उतरू दिलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा डबा आला. या वेळी रेखाला काही सापडलं नाही, आणि हॉटेलवाला माल न्यायला दारात आला.

तो डबा बसस्टँडवरून मधूच्याच गाडीतून आणला होता. बर्फाचं पाणी डिकीत सांडलं. प्रवासातलं काय उरलं विचाराल, तर तो वास.

या दुसऱ्या रिपोर्टचा फोटो मी मधूला पाठवला: हाही सगळ्या गटांवर घाल. निळ्या खुणा आल्या, पुढे काही हालचाल नाही. जेवायला आला तेव्हा विचारलं.

"पाठवणार होतो अक्का," ताटाकडे बघत तो म्हणाला, "पण त्यात विषच नाहीये. लोक वाचणार काय?"