सहाव्या आरोपीच्या हातातले कोकरू

"तुमचे यजमान तिथे होते, हे आधी कबूल करा. नाहीतर जिना तुमच्या मागेच आहे."

ॲड. मंदाकिनी देवतळे यांचे हे वाक्य मी सतरा वर्षांची असताना ऐकले. ते माझ्या आईला उद्देशून होते. पैठणकडच्या आमच्या गावाहून एसटीने येऊन आम्ही दोघी त्यांच्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात बसलो होतो. आई चपला घालायलाच निघाली होती; मीच तिचा पदर धरला. तो धरला नसता तर काय झाले असते, हा विचार आज वकीलबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहितानाही पाठ सोडत नाही.

घडले होते ते असे. चराईच्या भांडणात माझ्या काकांनी काठी घातली आणि शेजारच्या वस्तीवरच्या एकाचा हात मोडला. फिर्यादीत मात्र आमच्या भावकीतली अकरा नावे होती. आमच्याकडे तशीच रीत: मारणारा एक, नावे घरातल्या सगळ्या बाप्यांची. माझे वडील सहावे आरोपी. बेकायदा जमाव ठरला, की एकाच्या काठीची शिक्षा साऱ्यांना होऊ शकते, हे कळल्यावर भावकीने घाबरून ठरवले, की वडील त्या दिवशी पैठणला मामांकडे होते असे सांगायचे. आई तेच घोकून आली होती.

बाईंनी दुसऱ्या दिवशी वडिलांनाच बोलावले. "उभे राहा. त्या दिवशी जसे उभे होता, अगदी तसे."

वडिलांनी दोन्ही हात छातीशी दुमडले.

"हातात काय होतं?"

"कोकरू जी. मेंढी रानातच इली व्हती. पिल्लाला चालता यीना."

"आणि असा माणूस तुम्ही पैठणला पाठवत होता!" बाई टेबलावर थाप मारून उठल्याच.

वडिलांना मात्र ते पटेना. "भाऊ आत अन् म्या भाईर? लोक काय म्हंत्याल?"

"भाऊ तुमचा आहे, काठी तुमची नव्हती. दोघांचं वकीलपत्र मी घेणार नाही. त्यांना दुसरा वकील बघा."

चौथ्या दिवशी वडील ऑफिसात येऊन एवढेच म्हणाले, "खरं हाय त्येच सांगा."

उलटतपासणीचा तो दिवस! साक्षीदार पलीकडच्या वस्तीवरचा, तोही मेंढरे राखणारा. "समद्यांनी मारलं," हे पालुपद त्याने सोडले नाही. बाईंनी वडिलांकडे बोट केले. "यांच्या हातात काय होतं?"

फिर्यादीचे लोक त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होते. पण जन्म मेंढरांत गेलेला माणूस कोकराबद्दल खोटे कसा बोलेल?

"कोकरू व्हतं."

"कसलं?"

"काळं. कपाळाला पांढरा टिका. लई गोजिरं व्हतं, सायेब."

सारे कोर्ट हसले. मी आनंदाने बाकावरून उठून उभी राहिले, तर शिपाई दटावतो, "ए पोरी, बस खाली, सिनेमा नाय हा!"

वडील सुटले, काकांना शिक्षा झाली. बाहेर वडील डोळे पुसत उभे होते. बाई जवळ आल्या. "मी तुम्हाला खटल्यातून वेगळं केलं, घरातून नाही. तुमच्या वहिनींना घेऊन दर महिन्याला तुरुंगात भावाच्या भेटीला जायचं." पुढे मी त्यांच्याकडे टायपिंगला लागले, तेव्हा कामाच्या रगाड्यातही त्या विचारत, "वडील जाऊन आले का?" काका सुटेपर्यंत हा प्रश्न चुकला नाही.

कागदावर 'सर्वांनी मिळून' असे शब्द दिसले की बाईंची लाल पेन्सिल चालायची. "सर्वांनी म्हणजे कोणी? नाव सांगा, काम सांगा." बजाजनगरच्या कामगारांचा खटला असो की सुनेच्या फिर्यादीतल्या सासरच्या साऱ्या गोतावळ्याचा, हा प्रश्न सुटत नसे. एकदा मीच सबब सांगितली, "आज सगळ्यांनाच उशीर झाला." त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "बाकीच्यांचं ते बघतील. तू किती वाजता आलीस?" आता लिहिताना रागाच्या भरात एखाद्या अख्ख्या गावाला नावे ठेवायला निघाले, की माझा हात थबकतो. ही सवय त्यांचीच.

बाई, कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही आणखी पंचवीस वर्षे अशाच भराभर चढा, आणि तुमच्या मागे आम्हा साऱ्यांना धाप लागो.

आता एक विनंती. अशिलाच्या घरी जेवायचे नाही, खटला संपून कितीही वर्षे झाली तरी नाही, हा तुमचा नेम. वडिलांनी चारदा बोलावले, चारही वेळा तुम्ही हात जोडलेत. म्हणून या वेळचे बोलावणे वडिलांचे नाही, काकांचे आहे. काकू भाकरी थापणार आहे, दोघे भाऊ वाढणार आहेत. तुम्ही याही वेळी नाहीच म्हणाल, हे मला पक्के ठाऊक आहे. पण काका तुमचे अशील कधीच नव्हते. भाऊ तुमचा अशील होता, एवढ्याची शिक्षा त्यांना देऊ नका. जेवायला या.