दादाला दाखवलेलं लायपझिग

नाशिकरोड स्टेशनवर मला सोडायला एकटी आईच आली होती. दादा ओट्यावरूनच म्हणाला, "जा. तिकडं ग्लासच धुशील." आईनं न ऐकल्यासारखं केलं आणि काळ्या मसाल्याची पुडी माझ्या पिशवीत आणखी आत सरकवली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात मामाकडं राहून शिकलेलं जर्मन आणि लायपझिगच्या विद्यापीठात मिळालेला प्रवेश, एवढ्यावर मी निघाले होते.

मामाकडं तरी का गेले? बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही वर्गातली काही मुलंमुली गंगापूर रोडच्या एका गार्डन बारमध्ये बसलो होतो. माझ्यापुढं बिअर होती, अर्धी प्यायलेली. दादा तिथं कसा उगवला, देव जाणे. त्यानं माझं मनगट धरलं. "ऊठ. ही आपल्या घरातल्या बाईची बसायची जागा नाही." सगळ्यांदेखत त्यानं मला ओढत बाहेर आणलं. गल्ल्यावरचा माणूस हसला. ते हसू मला आजही दिसतं. पुढं माझं ठरत आलेलं लग्न दादानंच मोडलं. मुलाकडच्यांच्या घरी जाऊन त्यानं सगळं मीठमसाला लावून सांगितलं. तेव्हापासून घरात मी जेवायला बसले की तो उठून जायचा.

लायपझिगला मी खरंच ग्लास धुतले. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर क्र्यूगरबाईंचं क्नायपे होतं. क्नायपे म्हणजे तिथला मोहल्ल्यातला साधा बार. माणसं कामावरून घरी जाताना टेकतात तसला. काम संपलं की बाई काउंटरजवळचं स्टूल पुढं ओढायच्या. "आता बस, नंदा." कितीतरी महिने मी दारावर डोळा ठेवूनच बसायचे.

नाशिकहून कोणी यायचं असलं की मला विचारतं, तिकडं खायला-प्यायला कुठं जायचं? माझ्या जागा ठरलेल्या आहेत. गोझे नावाची तिथली बिअर आंबट, किंचित खारट, त्यात धणे. पहिल्या घोटाला मला मठ्ठाच आठवला. ती प्यायची ती चेस्टनटच्या झाडांखाली, उन्हाळ्यात. हिवाळ्यात व्हिएतनामी लिनबाईंकडं जायचं. पहिल्या थंडीत त्यांच्या रश्श्यावरच्या कोथिंबिरीच्या वासानं मी भरल्या हॉटेलात रडले होते. वाइन प्यायची तर पाओलोच्या हॉटेलाच्या अंगणात. आणि सगळ्यात शेवटी क्र्यूगरबाईंकडं, कारण तिथून मग उठवत नाही. गंगापूर रोडची गोष्ट मी फक्त तिथं सांगितली होती.

मधे वर्षं गेली. मला नोकरी लागली, मी तिथलीच झाले. इकडं दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात दादानं खायची द्राक्षं काढून वाइनची लावली आणि भागीदारीत वायनरी काढली. पेपरात फोटो आला: दादाच्या हातात ग्लास, शेजारी वहिनी, तिच्याही हातात ग्लास. दोघं हसताहेत. तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला.

मग त्याचा फोन आला. "नंदा, जर्मनीला येतोय. तुझ्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांना आपली वाइन दाखव की." आपली म्हणाला. मी म्हटलं, "ये."

तो यायच्या आधी मी क्र्यूगरबाईंना भेटून आले.

दादाला मी सगळीकडं फिरवलं. जिथं जाऊ तिथं लोक माझ्यासाठी खुर्ची ओढत होते, नावानं हाक मारत होते, आणि दादा बाटल्यांचं खोकं सांभाळत मागे उभा. पाओलोनं वाइन तोंडात घोळवली. म्हणाला, बरी आहे, जरा गोड आहे. मी तसंच्या तसं दादाला सांगितलं. पदरचं काहीच घातलं नाही.

संध्याकाळी क्र्यूगरबाईंकडं आलो. रोजची गिऱ्हाइकं जागेवर होती. बाईंनी दादाची वाइन चाखली, मान डोलावली आणि त्याच्यापुढं बिअर ठेवली. दादा खुलला. ग्लास अर्धा झाला तशा बाई काउंटरमागून बाहेर आल्या, त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि सावकाश काहीतरी बोलल्या. सगळं क्नायपे वळून बघायला लागलं.

"काय म्हणताहेत?" दादानं विचारलं.

"म्हणताहेत, वाइन चांगली आहे. पण ही तुमची बसायची जागा नाही. उठा."

त्याचा चेहरा उतरला. "नंदा, अगं, सांग ना त्यांना काहीतरी."

"मी फक्त भाषांतर करते, दादा."

तो उठला. खोक्यातल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. खिडकीतून मला तो फुटपाथवर दिसत होता; ट्राम कुठल्या बाजूला जाते तेही त्याला कळत नव्हतं. मी माझी बिअर निवांत संपवली. नंतर वाईट वाटलं असेल ना, असं मैत्रिणी विचारतात. नाही वाटलं. अजूनही नाही.

किंमत मोजावी लागली. दादानं घरी सांगून टाकलं की नंदानं या घरात पाऊल ठेवायचं नाही, आणि तो शब्दाला पक्का निघाला. मळा मला आता लांबून, रस्त्यावरूनच दिसतो. असं होणार हे मला ठाऊक होतं. तरी केलं.

त्यानंतर पहिल्यांदा नाशिकला आले तेव्हा आई एकटी रिक्षा करून कॉलेज रोडच्या एका हॉटेलात मला भेटायला आली. जन्मात ती कधी हॉटेलात बसली नव्हती. खुर्चीच्या कडेला टेकली, पदर सावरला.

"आई, दादाला कळलं तर?"

"कळू दे. सांगा त्याला जाऊन, तुझी आई हाटेलात बसून डोसा खाती." मग ती मागे रेलून नीट बसली आणि हळूच म्हणाली, "लय बोलायचा गं तुला. मला तवा मधी पडता आलं नाय."

मी तिचा हात धरला. डोसा आला तेव्हाच सोडला.

आता कोणी घर विचारलं की मी नाशिकच सांगते. मळ्यातलं घर मात्र डोळ्यांपुढं येत नाही, लायपझिगचा फ्लॅटही येत नाही. कॉलेज रोडवरचं ते खिडकीजवळचं टेबल येतं. दर वर्षी आई माझ्याआधी तिथं पोचते आणि दोन चहा सांगून ठेवते.