आठ फूट वाट

आमचे हे चौतीस वर्षं लोकांची खरेदीखतं लिहितायत. घर विकणारा आणि घेणारा, दोघंही आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसतात. हे सांगतात, मी टाईप करते. पूर्वी माणूस निवांत होता, कायदा तोंडपाठ होता. आता दर सहा महिन्यांनी नवी दुरुस्ती येते, मग तिचं परिपत्रक, मग परिपत्रकाचा खुलासा, आणि खुलासा वाचून यांचा गोंधळ आणखी वाढतो. कायद्याच्या पुस्तकात इतक्या चिठ्ठ्या चिकटवल्यात की ते आता मिटतच नाही. सकाळी उठल्या उठल्या राजपत्र. मी म्हणते, अहो, तोंड तरी धुवा, तेवढ्यात सरकार काही बदलत नाही. तर म्हणतात, "तुला काय माहीत!"

त्या दिवशी मात्र एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. चहावर साय धरली तरी हलेनात. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवला. नवा नियम असा, की दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्याचा ज्याला हक्क आहे, त्यानं तो नव्या नोंदवहीत लावून घ्यायचा. लांबी, रुंदी, नकाशा आणि ज्याची जागा त्याची सही. महिनाअखेरपर्यंत नोंद झाली नाही, तर हक्क गेला.

"मग नोंदवतील की लोक," मी म्हणाले.

"कसे नोंदवतील? त्यांना माहीत तरी आहे का? आणि मी काय लिहून ठेवलंय? 'पूर्वापार वहिवाटीप्रमाणे'! ना लांबी, ना रुंदी!"

हे यांचे लाडके शब्द. मोजायचा कंटाळा आला की ठोकून द्यायचे. तेव्हा सगळेच तसं लिहायचे म्हणा. पण हे काही ऐकेनात. माळ्यावरून जुन्या दस्तांच्या प्रती काढल्या, धुळीनं शिंकून शिंकून बेजार झाले. असे एकोणीस दस्त निघाले. तीन आठवडे वणवण करून अठरा मार्गी लावले. राहिली एकटी शिलाईमावशी.

ती शाळेचे गणवेश शिवते. एकतीस वर्षांपूर्वी तिनं मागचं घर घेतलं, तो दस्त यांचाच. घरातून रस्त्यावर यायला एकच वाट, तीही पुढच्या टपालमास्तरांच्या आवारातून. आणि टपालमास्तर आता जागा विकायला निघाले होते. घेणारा कंत्राटदार मोठा हुशार. म्हणाला, "घाई नाही, महिना संपला की करू." आम्हाला कळलं ना, घाई का नाही ते. एक तारखेला त्यानं भिंत घातली असती, तर मावशी घरात कोंडली गेली असती. आणि कहर म्हणजे तो विक्रीचा दस्तही आमच्याकडेच लिहायला आला होता.

यांच्या जिवाची नुसती घालमेल. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून परत घेतली. नोंदणी कचेरीत तीनदा फोन केला, तीन कारकुनांनी तीन उत्तरं दिली. माझाही पारा चढला. म्हटलं, "एवढं झुरायला ती काय तुमची सख्खी बहीण आहे?"

"बहीण असती तर मोजून लिहिलं असतं," म्हणाले.

महिना संपायला दोन दिवस होते, तेव्हा यांनी टपालमास्तरांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. तुम्ही सही केली नाहीत तर कायद्यानं तुमचं काही बिघडत नाही. पण मग तुमचा दस्त मी लिहिणार नाही. दुसरा वकील बघा."

टपालमास्तर भडकले. "हे बरंय! चूक तुमची, आणि गिऱ्हाईक माझं जाणार!" म्हणत चपला सरकवून तरातरा निघून गेले. यांनी कपाळाला हात लावला.

शेवटच्या दिवशी सकाळी टपालमास्तर पुन्हा दारात उभे. "बायको बोलेनाशी झालीय माझ्याशी," म्हणाले. "त्या बाईचं टपाल मी स्वतः त्या वाटेनं नेऊन दिलंय. आणा तो कागद. पण कंत्राटदार पळाला तर दुसरं गिऱ्हाईक तुम्ही शोधायचं."

मग काय, पळापळ! टेपचं एक टोक माझ्या हातात, एक यांच्या. आठ फूट रुंद, साठ फूट लांब. मी घाईघाईनं टाईप केलं आणि टपालमास्तरांना घेऊन दोन वाजता आम्ही कचेरीत पोचलो. खिडकी चारला बंद होणार होती. मावशी यायची होती तिथंच; तिला फक्त सहीला या, एवढंच कळवलं होतं.

ती आली. यांनी तिला सगळं सांगितलं, एकतीस वर्षांपूर्वीच्या आळसासकट. तिनं ऐकून घेतलं, कागद घेतला, सही मात्र केली नाही.

"आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवते," म्हणाली. "रागावू नका हं वकीलसाहेब. तुमच्यावर विश्वास होता, म्हणून तो जुना कागद कधी उघडलाच नाही मी."

समोरच एका तरुण वकीलबाईचं ऑफिस होतं, तिकडे गेली. आम्ही बाकावर. अडीच. तीन. सव्वातीन. हे घड्याळाकडे बघायचे, मग दाराकडे. मनात त्या मावशीला मी नाही नाही ते बोलले, खोटं कशाला सांगू.

तीन पस्तीसला ती आली. कागदावर लाल पेनानं दोन ठिकाणी गोल. "त्या बाई म्हणाल्या, फूट चालत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी खुलासा आलाय, मीटरच पाहिजेत. असाच दिला असता तर परत आला असता म्हणे."

यांचा चेहरा पांढराफटक. तो खुलासा यांनी वाचला होता, चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती! यांनी फूट खोडून मीटर लिहिले, मावशीनं खाली सही केली आणि खोडलेल्या जागेशेजारी टपालमास्तरांसकट तिघांनी सह्या केल्या. चारला पाच कमी असताना शिक्का बसला. मावशीनं पावती दोनदा वाचली, मग पिशवीत ठेवली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली.

परतताना हे म्हणाले, "उद्यापासून माझा प्रत्येक कागद आधी त्या तरुण बाईंना दाखवायचा. आता माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी मान हलवली. एरवी काहीतरी टोमणा मारला असता. पण ती चिठ्ठी यांनी मला वाचून दाखवली होती, आणि फूट मी टाईप केले होते. एकतीस वर्षांपूर्वीचे वहिवाटीचे ते दोन शब्दही माझ्याच हातचे. तेव्हाही एका शब्दानं विचारलं नव्हतं, की अहो, किती फूट?