गुणमालावहिनींची चिमूटभर चटणी

गेल्या वर्षी सांगलीच्या एका कॉलेजात गुणमालावहिनींना भाषणाला बोलावलं होतं. फळ्यावर विषय लिहिला होता, यशस्वी उद्योजकाचे गुण. गाडीवरून त्यांना मीच घेऊन गेलो, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलं. त्यांच्याआधी एक कोटवाले गृहस्थ पाऊण तास बोलले. जिद्द, चिकाटी, दूरदृष्टी, आणि काय काय. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, पण एवढा वेळ सावधानमध्ये कधी बसलो नव्हतो. मग वहिनी माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "धंद्यात तोंडावर वाईट सांगणारं माणूस जवळ पाहिजे. ते नसलं की अवघड हाय." एवढं बोलून जागेवर येऊन बसल्या. टाळ्या वाजवायच्या का नाही, हेच पोरांना कळेना.

मला मात्र खाली मान घालावी लागली. कारण ज्याने सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही, तो मीच. आता लपवून काय करायचंय? ऐका.

माझं नाव लालासाहेब. सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. फौजेतून हवालदार म्हणून सुटलो आणि घराशेजारी मसाला कुटायचा डंक टाकला. समोरच्या घरात अण्णाप्पा आणि त्याची बायको गुणमाला. जैन शेतकरी माणसं, चार एकर ऊस-हळद, एक मुलगी श्रद्धा. अण्णाप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त. मितभाषी, पण माणूस सोन्यासारखा. पंचेचाळिशी उलटली आणि त्याचं मन संसारातून उठलं. अठरा वर्षांपूर्वी सगळ्यांची क्षमा मागून तो घराबाहेर पडला, दिगंबर मुनींच्या एका संघात गेला आणि पुढे मुनिदीक्षा घेतली. आता त्याला अरेतुरे करायची सोय नाही, जुनं नावही उरलं नाही. मी मनातल्या मनात अजून अण्णाप्पाच म्हणतो.

मिरवणूक काढून गावाने त्याला निरोप दिला. सगळे म्हणाले, घराणं धन्य झालं. खरंच झालं असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओसरीवर एकट्या बसल्या होत्या, समोर शेंगांची पाटी होती आणि हात जागचा हलत नव्हता. विधवा म्हणावं तर नवरा जिवंत, सवाष्ण म्हणावं तर घर रिकामं. त्यांनी काय व्हायचं, हे कुणी सांगितलं नाही.

मग त्यांनी चटणी करायला घेतली. पहिले सहा महिने बिनलसणाची. बाजारात ती काय खपते! आमच्या भागात कांदा-लसणाच्या चटणीशिवाय भाकरीचा तुकडा मोडत नाही. दुकानांच्या फळीवर पुड्या धूळ खात पडल्या. त्या वेळी माझी थोरली बहीण अंबूताई माझ्याकडे राहायला आलेली. तिचं सासर कोरेगावकडचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जीभ दोन्ही अर्थांनी तिखट. तिने वहिनींची पुडी उघडली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "गुणाक्का, मिरची एक नंबर हाय. पन लसणाबिगर हिला कोन खानार? देवाला दावायची हाय का?"

आमच्या घरात वहिनींना असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता भांडण होणार. वहिनी म्हणाल्या, "मग तू करशील का? मी मिरची आनते, इकायचं बघते. लसूण माझ्या घरात येनार न्हाई आन् चव मी घेनार न्हाई."

असा तो धंदा सुरू झाला. माझ्या परड्यात शेड मारली. कांदा तळायचा, लसूण सोलायचा, मीठ घालायचं, ते सगळं अंबूताईकडे. वहिनी ब्याडगीच्या बाजारात जायच्या, कानडीत भाव करायच्या, मिरची मोडून बी बघायच्या, वास घ्यायच्या. प्रत्येक घाण्याला अंबूताई चिमूट जिभेवर ठेवायची आणि एक तर "चालतंय" म्हणायची, नाहीतर "थू, फेका हे." तिने थू म्हटलं की वहिनी वीस-वीस किलो माल उकिरड्यावर टाकायच्या, हूं का चूं करायच्या नाहीत. मी कळवळायचो. अहो, जरा खारट तर आहे, जाईल खपून! वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमी डंक बघा."

महिन्यातून एकदा त्या एसटीने दुकानं फिरायच्या. कोरेगाव, फलटण, कराड. दुकानदार म्हणायचा, लय भारी माल हाय वहिनी. यांचं एकच, "चांगलं ऱ्हाऊ दे. वाईट काय ते सांगा."

गावात लोक बोलायचे, बोलणारच. नवरा सगळं सोडून गेला आणि ही लसूण कुटून विकतीय. देवळातल्या एका जुन्या माणसाला त्यांनी सरळ जाऊन विचारलं. तो म्हणाला, तुझ्या चुलीला आणि तुझ्या तोंडाला लागत नाही तोवर तुझं तू बघ. वहिनींनी ते शब्द धरून ठेवले.

एकदा मी चेष्टेने म्हणालो, "वहिनी, एवढी हजारो किलो चटणी लोकांना चारली, एकदा आपण तरी खाऊन बघा." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्येंनी घर सोडलंय, मी मागं लागायचं न्हाई. पन संघ कवातरी ह्या बाजूला येईल. दारात कलश घेऊन उभी ऱ्हायले तर मोठ्यानं म्हनावं लागतंय, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध. तवा खोटं बोलायचं न्हाई मला."

मुनी दिवसातून एकदाच आहाराला निघतात. ज्या दारातून कुणी असं म्हणून बोलावतं तिथेच ते थांबू शकतात, आणि उभ्याने ओंजळीत जेवतात. आपण होऊन कुणाच्या दारात थांबत नाहीत. वहिनी त्या एका सकाळसाठी इतकी वर्षं सूर्य मावळायच्या आत जेवत होत्या. श्रद्धा बंगळूरला नोकरीला गेली, तिथेच तिचं लग्न झालं. तेव्हापासून त्यांच्या घरातून भांड्याचाही आवाज यायचा नाही. दिवसभरात त्या बोलायच्या त्या फक्त अंबूताईशी.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अंबूताईला ताप आला. दहा दिवसांत उठली, पण एक दिवस शेडमागे मला बोलावून म्हणाली, "लाला, तोंडाची चव गेलीय. गूळ खाल्ला तरी माती लागतीय. गुणाक्काला सांगू नगंस. चार दिसांत येईल."

चार दिवसांचे चार महिने झाले. चव आली नाही. आणि ती प्रत्येक घाण्याला चिमूट जिभेवर ठेवून म्हणत राहिली, "चालतंय." अंदाजाने मूठभर मीठ टाकायची. मी डंकावर उभा असायचो, उडालेली भुकटी तोंडात जायची. मला कळत होतं. एखादा घाणा नुसता मीठ, एखादा पार अळणी. का नाही बोललो? बहीण होती म्हणून. चव गेली कळलं तर इथे माझं काय काम, असं तिला वाटेल म्हणून. आणि फौजेतली खोड, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वहिनींनी इतक्या वर्षांत मला कधी चव विचारली नव्हती. त्याचाही थोडा राग होता मनात, खोटं कशाला बोलू.

दुकानदारांनीही कुणी सांगितलं नाही. भल्या बाईला वाईट कशाला बोला, म्हणून प्रत्येकाने नुसती मागणी कमी केली. कोरेगाव बंद झालं, मग कराड. वहिनी फलटणला गेल्या. तिथे नानासो नावाचा दुकानदार, जुनं गिऱ्हाईक. यांनी त्याचा पिच्छाच पुरवला, तेव्हा तो खालमानेने म्हणाला, "वहिनी, तुमची चटणी तुमी कवा खाऊन बघितलीया का?"

फलटणहून त्या थेट माझ्या डंकावर आल्या. चप्पलही काढली नाही. "भावजी, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई."

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फौजेत साहेबांच्या शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. त्या नजरेचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

पंधरा दिवस त्यांनी दुसरी माणसं बघितली. कामावरच्या बायका, शेजारच्या सुना. एक दिवस तीन वाट्या मांडल्या. एकीत बरोबर माल, एकीत दुप्पट मीठ, एकीत मीठच नाही. सात जणींनी चव घेतली आणि सातही जणी म्हणाल्या, "छान झालीया, काकी." पगार देणाऱ्या मालकिणीला वाईट कोण सांगणार? एक सांगणारी होती, तिनेही भीतीपोटी तोंड मिटलं.

अंबूताईला कुणकुण लागली होतीच. त्या दुपारी ती गाठोडं बांधून बसली, कोरेगावला दिराकडे जाते म्हणाली. वहिनी बरोबर माल असलेली वाटी घेऊन आमच्या सोप्यात आल्या. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी आजवर पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्या अंबूताईसमोर खाली बसल्या. डोळे मिटून क्षणभर हात जोडले. मग चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"गुणाक्का!" अंबूताई ओरडली. "आवं, काय केलंसा ह्ये? कुनासाठी?"

वहिनींना ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. साठीला आलेली बाई, जन्मात पहिल्यांदा लसूण खात होती. ठसका थांबल्यावर म्हणाल्या, "जिबंला पुढं लागतंय ते काय? आन् मागनं घशात येतंय ते काय? मला ह्यातलं काय बी कळत न्हाई, अंबू. तू सांग. माझी जीभ हाय, तुझं ध्यान हाय. दोघी मिळून एक बाई हून जाईल."

मी दाराआड होतो. सरळ बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

अंबूताई गेली नाही. गाठोडं सोडलं. पुढची दोन वर्षं ती वहिनींना शिकवत होती. मीठ आधी लागतं, तिखट नंतर चढतं, कच्चा लसूण चावतो, तळलेला गोडसर लागतो. वहिनी शाळेतल्या पोरीसारख्या ऐकायच्या. चुकलं की अंबूताई खेकसायची, आणि त्यांना ते फार बरं वाटायचं. नानासोचं दुकान परत आलं, कोरेगाव आलं, आता शिराळ्यालाही माल जातो. लोक म्हणतात, वहिनींचा धंदा वाढला. वाढलाच. पण त्या दिवसापासून देवळात त्या मागच्या खांबापाशी बसायला लागल्या. कुणी बसवलं नव्हतं. आपल्या आपण बसल्या.

गेल्या माघात अंबूताई झोपेतच गेली. बाराव्यापर्यंत वहिनी रोज येऊन तिच्या चटईशेजारी बसायच्या. तेराव्या दिवशी शेडमध्ये गेल्या, एकटीने चव घेतली, एकटीनेच "चालतंय" म्हटलं. त्यांना थू म्हणणारं आता जगात कुणी नाही.

आणि यंदाच्या चातुर्मासाला संघ आमच्या गावात आला. कधी कर्नाटकात, कधी पार बुंदेलखंडात फिरणारा संघ, अठरा वर्षांत कधी इकडे फिरकला नाही, तो आत्ता आला. त्यात अण्णाप्पा. गल्लीत घरोघरी आहाराची तयारी, सोवळ्यातला स्वयंपाक, विहिरीचं गाळलेलं पाणी.

मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, तुमच्यात प्रायश्चित्त असतंय न्हवं? मोठ्या महाराजांकडं जावा, काय सांगतील ते करा. कोन मोठा गुन्हा केलाय तुमी? उद्या दारात कलश घेऊन उभं ऱ्हावा."

त्या मिरचीची देठं मोडत होत्या. "भावजी, प्रायश्चित्त घ्यायचं म्हंजे परत करनार न्हाई असं म्हनावं लागतंय. सोमवारी पन्नास किलोचा घाणा हाय. त्येची चव कोन घेनार?"

"मी घेतो."

"तुमी?" म्हणाल्या, आणि पुढचं देठ मोडलं. माझी पुन्हा म्हणायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मुनी निघाले. गल्लीत दोन्ही बाजूंना नवरा-बायकोच्या जोड्या, हातात कलश, वर नारळ. नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ. अण्णाप्पा माझ्या डंकाच्या बाजूने आला. हातात मोरपिसांची पिंछी, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजवा हात खांद्याशी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. समोरच्या दारात वहिनी उभ्या होत्या. धुवट पांढरी साडी, हात जोडलेले, हातात कलश नाही.

त्या दारापाशी त्याची पावलं मंदावली. हे मी शपथेवर सांगतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला वेळ लागला. वहिनींचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मुनींना बोलावल्याशिवाय थांबता येत नाही, आणि वहिनींना खोटं बोलून बोलावता येत नव्हतं. तो पुढे गेला. तीन घरं सोडून एका नव्या सुनेने म्हटलं, मन शुद्ध, वचन शुद्ध, आणि तो तिथे थांबला.

तासाभराने वहिनी साडी बदलून शेडमध्ये आल्या. मिरचीचं पोतं सोडलं. मी उगाच डंकाचा पट्टा तपासत बसलो.

"लय वाळल्यात," त्या म्हणाल्या. "पूर्वी चार भाकरी खायाचे."

मग पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "डंक चालू करा, भावजी." मी चालू केला, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.