पायाला बांधलेल्या विटा

आजारी लेकराला भेटायला येणारा माणूस सोबत मळक्या कपड्यांचं गाठोडं कशाला आणतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. बिस्किटाचा पुडा आणला, नारळ आणला, अंगारा आणला, समजू शकते. पण धोतरं, लुगडी, गोधड्या? आमच्या सासरची माणसं आणायची. आणि वर साबण मलाच मागायची.

त्या साली पाऊस रुसलेला. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, आमचं अहमदपूर त्यात गेलं म्हणून पेढे वाटून झालेले. पेढ्यानं तहान भागत नाही. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. अशाच पळापळीत कुणाचं तरी भरलेलं पिंप कलंडलं ते माझ्या चार वर्षांच्या पोरीच्या मांडीवर. पिंप कुणाचं ते मला पक्कं माहीत आहे. ती बाई "माझं पाणी सांडलं गं" म्हणून बोंबलत होती. पोर खाली किंचाळत होती, ते तिच्या कानावर गेलं नाही.

मांडीचं हाड मोडलं. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! नांदेडला हाडांचा डॉक्टर चांगला म्हणून तिकडं नेलं. तिथं त्यांनी पोरीच्या पायाला चिकटपट्ट्या लावल्या, पट्ट्यांना दोरी बांधली, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या चाकावरून खाली सोडली आणि टोकाला विटांची पिशवी लटकवली. डॉक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं, "बाई, मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढू बघतात. हे वजन त्यांना ओढून धरतं. पिशवी रात्रंदिवस अशीच लटकली पाहिजे. टेकवलीत, तर पाय आखूड जुळेल आणि पोर जन्मभर लंगडेल." मुलीची जात, आणि लंगडी!

आमचे हे तहसीलात कारकून. लातूरला नव्या जिल्ह्याची कचेरी उभी राहत होती, टेबलं मांडायला आणि फायली लावायला माणसं हवी होती, म्हणून त्यांना तिकडं ओढलं. मी म्हटलं, "रजा मागा की." तर म्हणाले, "साहेब म्हणतात, जिल्हा रोज रोज होत न्हाई." "आणि लेकराचं हाड रोज रोज मोडतं का?" रविवारच्या एस.टी.नं यायचे, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचे, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. जिल्ह्याचं काम अडून राहिलं होतं ना!

माझ्यासोबत राहिल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय आत्याबाई पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, आणि अंघोळीशिवाय पूजा नाही. गावात तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकून उरकून त्या बेजार झालेल्या. दवाखान्याच्या मागं नळ होता आणि त्याला सकाळ-संध्याकाळ चांगलं धो धो पाणी यायचं. पहिल्या दिवशी अंघोळ करून आल्या त्या डोळे भरूनच. "माय माय, पाठीवरून पाणी गेलं गं," म्हणाल्या. मला खरंच भरून आलं. पण ही खबर गावात पोचली आणि माझं नशीब फिरलं.

अहमदपूरची गाडी आली की आमची माणसं उतरायचीच. चुलत सासरे, चुलत सासूबाई, जावा, त्यांची पोरं. आधी पोरीपाशी येऊन "अरारा, काय हाल गं लेकराचे" म्हणायचं, चहा प्यायचा, की चालले नळावर. अंघोळी, धुणी, केस धुणं, सगळं निवांत. एकदा चुलत सासूबाईंनी ओलं लुगडं थेट पोरीच्या पलंगाच्या त्या दोरीवरच टाकलं. मी ओढून काढलं तर म्हणतात, "बाहेर वाळत घालून कुणी उचललं म्हंजे?" अहो, लुगडं उचलण्याची काळजी, आणि पायाची?

दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला. उजेडात धरून बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. हाड एकावर एक चढलेलं. "वजन कोण काढतंय, बाई?"

"कुणी नाही, साहेब. शपथ."

"मग हाड आपोआप चढलं का?"

झालं ते सगळं वाया. पहिल्यापासून धरायचं, एक वीट आणखी वाढवायची, आणि तरी पाय सरळ जुळेल याची खात्री नाही म्हणाले. सगळ्या वॉर्डात मान खाली घालून मी उभी होते. काय केलं मी? कुठं चुकलं? डोकं चालेना.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला निघाले, चिठ्ठी उशाशीच राहिली म्हणून अर्ध्यातून फिरले. बघते तर पलंगाच्या पायथ्याशी आत्याबाई बसलेल्या आणि विटांची पिशवी त्यांच्या मांडीवर. चुलत सासूबाई पदरानं वारा घालताहेत. दोरी ढिली. पोर शांत झोपलेली.

"आत्याबाई, हे काय?"

"अगं, लेकरू कळवळून राहिलं होतं. घटकाभर टेकवलं."

"रोज टेकवता?"

उत्तर दिलं चुलत सासूबाईंनी, "तुला माया न्हाई व्हय? विटा बांधून कुणी लेकराला निजवतं का? तू नळावर गेलीस की आमीच बघतो तिच्याकडं."

आमीच बघतो! म्हणजे जो यायचा तो टेकवत होता. सगळ्या घराण्याला ठाऊक, आणि पोरीला पढवलेलं, "आईला सांगू नको हां." आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. माया यांची, आणि पाय माझ्या पोरीचा! मी पिशवी हिसकावून लटकवली. पोर दचकून उठली, रडायला लागली. मी म्हटलं, "तुमची माया घटकाभराची, लंगडणार ती जन्मभर! चला, उठा सगळे. आजपासून या पलंगाजवळ कुणी यायचं नाही. आत्याबाई, तुम्ही सुद्धा." आणि सगळ्यांना बाहेर अंगणात लिंबाखाली नेऊन बसवलं.

रविवारी त्याच लिंबाखाली पंचायत भरली. हे लातूरहून आलेले. चुलत सासरे म्हणाले, "सासूला दवाखान्याच्या अंगणात बसवलं. घराण्याची बेअब्रू झाली. पाय धर आधी त्यांचे." हे म्हणाले, "धर की. आई दोन दिवस जेवली न्हाई."

एकानंही विचारलं नाही, पोरीचं हाड कसं आहे. एकानंही!

मी म्हटलं, "धरते. पण आज पाय धरले की उद्या ह्या परत पलंगापाशी. आधी पोरीचा पाय जुळू द्या, मग म्हणाल त्याचे धरते."

आत्याबाई त्याच संध्याकाळी ह्यांच्यासोबत निघून गेल्या. बाकीचे यायचे बंद झाले, जशी पोर ठणठणीत झाली होती. मी एकटी उरले. नळावर जायचं तर शेजारच्या पलंगावरच्या बाईला बसवून, पळत जाऊन पळत यायचं. पोर रात्री रडायची, "आजी कुठंय? आजी दुखू देत नव्हती." काय सांगणार? मी तिला दुखू दिलं. तिचा हात धरून बसले आणि दुखू दिलं.

अखेर एक दिवस डॉक्टर फोटो बघून हसले. हाड सरळ जुळलं होतं. घरी आल्या आल्या मी बोलल्याप्रमाणं आत्याबाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "देवाची किरपा." चोर ते चोर, वर शिरजोर! पण पोर अंगणात चालत होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

पोर मोठी झाली. पहिलं स्थळ उदगीरकडचं आलं. पोहे झाले, आणि मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव, माय." लहानपणी मांडी मोडली होती हे त्यांच्या कानावर गेलेलंच होतं. पोर सोप्यातून दारापर्यंत गेली, परत आली. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर, चुलत सासूबाईंची सुद्धा. कुणाला तिळभर खोट दिसली नाही. माझी छाती एवढी फुगली म्हणून सांगू!

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण ज्या आईनं सासूला घराबाहेर बसवलं तिची लेक नको. दवाखान्याचं अंगण सांगणाऱ्याच्या तोंडी घराबाहेर झालेलं. सांगणारं कोण ते विचारायची गरजच नव्हती.

हे कपाळाला हात लावून बसले. "तेव्हाच पाय धरले असतेस, तर आज ही पाळी आली नसती."

मी म्हटलं, "तेव्हा धरले असते, तर आज नकार पोरीच्या पायाला आला असता. माझ्या जिभेला आलाय. येऊ द्या."