स्टिअरिंग बॉक्समधली पत्रकं

आमच्या जीपच्या रजिस्ट्रेशनची मुदत यंदा संपत होती. गाडी पासिंगला न्यायची. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगारात. गोष्ट एवढीच होती. पण आमच्या घरात एवढीशी गोष्ट कधी एवढीशी राहत नाही. तिच्यावर आधी चर्चा होते, मग भूमिका ठरते, आणि भूमिका ठरेपर्यंत सगळे दमलेले असतात.

नापास व्हायला एकच मोठं कारण होतं, स्टिअरिंग. ते चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसत. मेकॅनिक लोक याला प्ले म्हणतात. पप्पांच्या हातांना त्या प्लेची इतकी सवय झाली होती की वळण यायच्या आधीच त्यांचे हात वळायला लागत. पासिंगच्या साहेबाचे हात मात्र नवे असणार.

पप्पा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. युनियनचं काम करायचे आणि त्याहून जास्त पत्रकं काढायचे. ही जुनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी डिझेल जीप त्यांनी एका लिलावातून घेतली, ती पनवेलच्या मागच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी. तिथे रस्ता नव्हता, आणि आज जो आहे त्यालाही रस्ता म्हणायला धाडस लागतं. महिन्यातून एकदा ते पुस्तिकांचे खोके घेऊन वर जायचे. उतरताना गाडीत कधी बाळंतीण असायची, कधी साप चावलेला माणूस, कधी नुसती भोपळ्याची पोती. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. जीप गेली तर पप्पा खांदेश्वरच्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर बसणार, हे आईला, मला आणि त्यांना स्वतःला स्वच्छ दिसत होतं.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घरात गठ्ठे असत. आम्ही त्यांच्यावर बसून जेवलो, मी त्यांच्यावर झोपले. उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या आधी कळलं. पुढे मीही पत्रकं लिहायला लागले, पप्पांपेक्षा कडक. आता खारघरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सहा दिवस उभं राहून बोलायचं आणि सातव्या दिवशी जीपखाली आडवं व्हायचं, असं या वर्षाचं वेळापत्रक होतं.

गॅरेजला गाडी द्यायची नाही, हा पप्पांचा नियम. "जे यंत्र आपण चालवतो ते आपल्याला उघडता आलं पाहिजे. नाही तर आपण मालक नाही, गिऱ्हाईक." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला स्वल्पविरामसुद्धा पाठ आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या ऑइलच्या डागांवरून दोनदा हात जोडले, तेव्हापासून आम्ही नाल्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर काम करायचो. सतरंजी, जॅक, दोन विटा, पान्यांची पेटी आणि आईने दिलेला डबा. येणारेजाणारे थांबून सल्ले द्यायचे. एकजण म्हणाला, "विकून टाका काका, चांगली इलेक्ट्रिक घ्या." पप्पा त्याला म्हणाले, "ती वाडीवर ढकलायला तू येशील का?"

त्या रविवारी स्टिअरिंग बॉक्स उघडायचा ठरला. मदतीला पप्पांचे जुने मित्र आले होते. ते करावे गावचे. घरची होडी होती, पण उभा जन्म डंपर चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. मी त्यांना काका म्हणते. ते पप्पांना लीडर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे चाळीस वर्षांत पप्पांनाही कळलेलं नाही.

स्टिअरिंग बॉक्स म्हणजे लोखंडाची मुठीएवढी डबी. आत एक आटे पाडलेला दांडा फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. एका टोकावर झाकण, आणि झाकण नि डबी यांच्यामध्ये जाड कागदाचं पॅकिंग, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून. हे पॅकिंग पप्पा कधी विकत आणत नसत. पत्रकांच्या पुस्तिकांना जाड मुखपृष्ठ असतं. ते झाकणावर ठेवायचं आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टची भोकंसुद्धा आपोआप पडतात. मग ग्रीस लावून बसवून द्यायचं. लहानपणी मला हे जादूसारखं वाटायचं. कुठलं मुखपृष्ठ कापायचं नाही याचेही नियम होते: ज्यावर फोटो आहे ते नाही, ज्याची एकच प्रत उरली आहे ते नाही.

काकांनी झाकण काढलं आणि थांबले. नखाने कागद उचकटायला लागले. एक निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा.

"लीडर, इकरं ये."

पप्पा वाकले.

"सात हायत. यो स्टिअरिंग बॉक्स हाय का वाचनालय हाय रं?"

मी हसले. पप्पा हसले नाहीत. "गळायचं तेल. गळलं की एक वाढवायचो."

"आनि बेअरिंग कोन दाबनार? तुझा बाप? झाकन जितकं लांब, तितका आतला दांडा मोकला. म्हनून प्ले. बेअरिंगला काय झाल्यालं नाय. तूच केलास ह्यो प्ले, कागद लावून लावून."

पप्पांनी ते सात कागद हातात घेतले. तेलाने पिवळे, पारदर्शक झालेले, पण अक्षरं शाबूत. एकावर 'किमान वेत', दुसऱ्यावर 'नळजोडणी का ना', तिसऱ्यावर नुसतं उद्गारचिन्ह, ते बहुतेक माझं. वीस वर्षं आमची गाडी या अर्ध्या वाक्यांवर वळत होती.

पप्पा म्हणाले, "एक ठेवलं तर गळेल."

"गलल. जुनी गाडी गलतेच."

"मग दोन लावू."

काका माझ्याकडे बघायला लागले. आणि मी बोलले. ते वाक्य मला आजही परत घेता आलं तर घेईन. सकाळपासून उन्हात होते, उद्याचा तास तयार नव्हता, कॉलेजने तीन महिने आमच्या निवेदनाला उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणाले, "पप्पा, तुम्ही जन्मभर हेच केलंत. गळलं की पत्रक लावायचं. आत काय सैल झालंय ते बघायचंच नाही."

प्लॉटवर कुत्री भुंकत होती. काकांनी विडी पेटवायला घेतली आणि पेटवलीच नाही.

पप्पा शांतपणे म्हणाले, "तुझं नवीन पत्रक आहे का गाडीत? त्याचा कागद बरा आहे."

होतं. अख्खा गठ्ठा होता. तासिकेवरच्या शिक्षकांबद्दल मी लिहिलेली बारा पानी पुस्तिका. आमच्याच स्टाफरूममध्ये ती कुणी उचलली नव्हती. ज्यांच्याबद्दल लिहिली त्यांनीही नाही, कारण उचलताना दिसायला नको. मी एक प्रत दिली. पप्पांनी मुखपृष्ठ फाडलं, आतली पानं सरळ करून माझ्या हातात परत दिली, आणि झाकणावर ठोके मारायला सुरुवात केली. ठोके चुकत होते. दोनदा हातोडी अंगठ्यावर बसली. अंगठ्यातून रक्त आलं, तरी त्यांनी हात झटकलासुद्धा नाही. मला वाटलं, माझ्यावरचा राग गिळतायत.

एकच पॅकिंग लावून झाकण बसलं. प्ले चार बोटांवरून दोनवर आला.

"बाकीचं वय हाय," काका म्हणाले. मग डबीच्या वरच्या अंगाला असलेला एक स्क्रू त्यांनी बोटाने दाखवला. "ह्याला हात लावू नको. ह्यो आवलला का उरल्याला प्ले जाल, पन स्टिअरिंग जाम व्हल. वलनावर फिरवलंस तर परत यायचं नाय. लोक पासिंगच्या दिवशी आवलतात नि भायेर पडल्यावर सैल करतात. काय जन परत येताना इसरतात."

पप्पा म्हणाले, "आपण असलं करत नाही."

मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी कंटाळाही आला. आपण करत नाही अशा गोष्टींची आमची यादी फार लांब आहे. ती पाळून पाळून घरातले सगळे वाकलेत.

पासिंगच्या दिवशी मी रजा टाकली. तासिकेवरच्या माणसाची रजा म्हणजे नुसती गैरहजेरी. मी खाली गेले तेव्हा पप्पा आधीच जीपमध्ये बसलेले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, जयंतीला घालतात तो. आईने गॅलरीतून हात केला. आम्ही निघालो.

सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. हायवेखालून कळंबोलीकडे वळलो, वळण संपलं, आणि गाडी वळतच राहिली. स्टिअरिंग सोडलं की ते आपसूक सरळ होतं, कुठल्याही गाडीत; हे झालं नाही. पप्पांनी दोन्ही हातांनी ओढून ते सरळ केलं. शेजारच्या ट्रेलरवाल्याने शिवी घातली. पुढच्या वळणावर परत तेच. पप्पांच्या कपाळावर घाम होता आणि ते समोर बघत होते, फारच समोर.

मी म्हणाले, "स्क्रू आवळलात?"

त्यांनी गिअर बदलला.

"पप्पा."

"पास होऊ दे. मग सैल करतो."

मला ओरडायचं होतं. मी शाळेत कॉपी केली म्हणून ज्या माणसाने माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं होतं, त्याच्यासाठी माझ्याकडे चांगली दोन-तीन पानं तयार होती. पण तो पांढरा शर्ट काखेत भिजला होता, आणि ते स्टिअरिंगला असे धरून बसले होते की जणू ते कुणी काढून नेणार आहे. मी फक्त म्हणाले, "बाजूला घ्या."

टायरवाल्यांच्या दुकानांपुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी बॉनेट उघडलं. स्क्रूवरची वीस वर्षांची माती निघून पितळ चकाकत होतं. पप्पांनी पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, खाचेत घालायला गेले, घसरला. परत घातला, परत घसरला. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तू कर. मला कळत नाही किती फिरला ते."

"म्हणजे?"

"बोटं." त्यांनी हात उलटा करून दाखवला, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. "शुगरमुळे. टोकांना काही लागत नाही. मी जरासाच आवळला होता. मला तरी जरासाच वाटला."

"कधीपासून?"

"आईला माहीत आहे."

हातोडी अंगठ्यावर बसली तो राग नव्हता, हे मला तिथे, टायरच्या ढिगांपुढे, डिझेलच्या धुरात कळलं. मी स्क्रू पाव फेरा सैल केला, तो धरून ठेवणारा नट आवळला, स्टिअरिंग फिरवून सोडलं. ते हळूच आपल्या जागी आलं. दोन बोटं प्लेही परत आला.

"आता नापास करतील," पप्पा म्हणाले.

"करू देत."

हे बोलायला सोपं होतं. भंगारात माझं काही जाणार नव्हतं.

पासिंगच्या मैदानावर रांग होती. साहेब तरुण होते. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, दिवे बघितले, हॉर्न वाजवला, आणि खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवलं.

"काका, प्ले आहे याला."

"दोन बोटं आहे," पप्पा म्हणाले. "आधी चार होता. त्याच्यापेक्षा कमी केला तर जाम होतं. आत्ताच करून बघितलं."

साहेबांनी मान वर केली. "असं कुणी स्वतः सांगतं का?" मग ते स्वतः आत बसले, मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढला, ब्रेक दाबून गाडी थांबवली आणि उतरले. तोंडावरून काही कळत नव्हतं. पप्पांनी माझं मनगट धरलं होतं. किती घट्ट, हे त्यांना कळत नसणार.

"मागे रिफ्लेक्टरची पट्टी नाही. लावून आणा, सही करतो."

पट्टी गेटबाहेरच मिळाली. ती मी चिकटवली. दुपारी पाच वर्षं मिळाली.

परत निघताना पप्पा सवयीने उजव्या बाजूला गेले, दार उघडलं, आणि तिथेच उभे राहिले. मग दार तसंच उघडं ठेवून फिरून डाव्या बाजूला आले. मला ती गाडी येते, त्यांनीच शिकवली. पण ते गाडीत असताना ती मी कधी चालवली नव्हती. रस्ताभर ते माझ्या आधी वळत होते, रिकाम्या हातांनी.

वाड्यांवर जीप आता मी नेते, एका रविवारआड. आत्तापर्यंत दोनदा जमलं, एकदा नाही. त्या प्लॉटवरच्या वाक्याची माफी मी मागितलेली नाही. त्यांनी तो विषय काढलेला नाही. तेल गळतं, काकांनी सांगितलं होतं तसं. जीपखाली पप्पांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवलाय. रोज सकाळी खाली जाऊन ते त्यात किती साचलंय बघतात, आणि ते तेल बाटलीत ओतून ठेवतात. दुसरं पॅकिंग लावूया का, असं परवा मीच विचारलं.

"नको," ते म्हणाले. "गळू दे थोडं."