होडीच्या आतले ठोके

आम्ही लिंबाचं रोप आणायला गेलो होतो आणि होडी घेऊन आलो. यात माझा काही दोष नाही. दोष असलाच तर माझ्या नणंदेचा, आणि नणंदेचा दोष काढायचा नसतो हे आमच्या ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मला समजावून ठेवलं होतं. आई गेल्यावर वन्संनीच ह्यांना वाढवलं, ह्यांच्यापायी स्वतःचं लग्न लांबणीवर टाकलं ते कायमचंच, आणि भांड्यांच्या कारखान्यात पातेल्यांना कान ठोकत ह्यांना शिकवलं. हे सगळं खरं आहे. खरं आहे म्हणून तर मला बोलता येत नाही.

कारखान्यातून निवृत्त होऊन वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. बुटक्या, काटक, कानामागे पेन्सिल, बाह्या कायम कोपरापर्यंत वर. आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं एकेक भांडं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. "ह्या कढईचा कान जाणार," म्हणाल्या. आठवडाभरात तो गेला, भाजीसकट. "तुमचीच दृष्ट लागली, वन्सं," मी म्हटलं. त्या हसल्या आणि संध्याकाळपर्यंत नवा कान पक्का बसवून दिला. तो अजून हललेला नाही आणि मला अजून आवडत नाही.

तर रोपवाटिका. मागच्या कुंपणापाशी एक ॲल्युमिनियमची होडी मातीनं भरून ठेवलेली होती आणि तिच्यात पुदिना माजला होता. पाणी साचू नये म्हणून रोपवाल्यानं तळाला भोकं पाडली होती. होडीला भोकं पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. वन्संनी पुदिना बाजूला सारून पत्र्यावर पेर वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं.

"पत्रा जिवंत आहे," त्या ह्यांना म्हणाल्या. "पत्रे जोडणारी रिबिटं ढिली झालीत, आणि ही भोकं. ठिगळं मारली की झालं."

आमचे हे बस चालवायचे. आता रविवारी तळ्याच्या काठावर गळ टाकून बसतात, आणि शेजारी चहाचा थर्मास नि गांडुळांचा डबा घेऊन मी बसते. मासे बेताचेच मिळतात. आम्ही फार बोलतो असंही नाही. पण घरात, नातेवाइकांत, कुठंही नसेल अशी ती माझी एकटीची जागा आहे. होडी असती तर मधल्या खोल पाण्यात जाता आलं असतं, असं हे कधीमधी म्हणायचे. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वन्संनी ते ऐकलं आणि रोपवाल्याकडून पुदिन्यासकट होडीचा भाव पाडून घेतला.

होडीची बसायची मधली फळी रोपवाल्यानं केव्हाच काढून टाकली होती. उरल्या दोन, एक मागे आणि एक पुढे. वल्हं मारणारा मागे बसणार, म्हणजे ह्यांच्यासमोर बसायला जागा एकच. ही गोष्ट त्या बहीणभावांच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे, माझ्या मात्र टेम्पोत बसतानाच आली. लिंबाचं रोप तिथंच राहिलं.

होडी आमच्या मागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडली, बरोबर माझ्या कपड्यांच्या दोरीखाली. दोरी सोडावी लागली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी कधीपासून निखळलीय, तिला हात लावायला ह्यांना वेळ नव्हता. पण जेवण उरकलं की हे लगेच बाह्या सरसावून अंगणात. घासून घासून दोघांनी जुना रंग उतरवला. हे दमले की वन्सं म्हणायच्या, "बस जरा, बाळ." चौसष्ट वर्षांचा बाळ बसायचाही. माझ्या पोटात दुखायचं ते तिथं. मी "बसा जरा" म्हटलं तर "मी काय म्हातारा झालो का" म्हणणारा हा माणूस.

मग रिबिटांचं काम सुरू झालं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून रिबिटाच्या डोक्यावर हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिबिटाचं शेपूट चेपून पत्रा आवळला जातो. आतलं काम जाणत्याचं. नीट चेपलं की नाही, ते बोट फिरवून त्यालाच कळतं. हे अंगानं थोराड, पालथ्या होडीखाली मावणार नाहीत. वन्सं सुळकन शिरल्या. मला कोणी विचारलं नाही.

आतबाहेर एकमेकांना दिसत नाही आणि हातोडीच्या आवाजात बोललेलं कळत नाही, म्हणून ते ठोक्यांनी बोलायचे. आतून एक ठोका आला की झालं, पुढचं घे. दोन आले की अजून मार. हे मला कोणी शिकवलं नाही, खिडकीला कडी नसल्यामुळे कळलं. पण काम संपवताना हे बाहेरून तीन ठोके द्यायचे, आतून तीन यायचे, आणि मग दोघं हसायची. तिसऱ्या ठोक्याला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रोज त्या वेळेला मी दूध तापत ठेवायचे आणि रोज ते उतू जायचं.

एकदा मी ह्यांना विचारलंच. "ते तीन ठोके कशाचे हो?"

"कुठले? ते होय? ते लहानपणचं आहे आमचं. घरात मधे पत्र्याची भिंत होती. मला अंधाराची भीती वाटायची. मी तीन वाजवायचो, म्हणजे ताई आहेस का. तिनं तीन वाजवले, म्हणजे आहे."

इतकं बोलून हे कूस बदलून घोरायला लागले. मी जागीच. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ह्या माणसाला अंधाराची भीती वाटायची हे मला एका होडीमुळे कळावं? वन्संचा मला राग यायचा, पण त्या रात्री खरा राग आला तो त्या पत्र्याच्या भिंतीचा. नणंदेशी भांडता येतं. तिच्या भावाच्या लहानपणाशी कसं भांडणार?

ठिगळं बसली, रिबिटं झाली, रंगही झाला. मग होडी सुलटी करून वन्संनी तिच्यात नळीनं पाणी भरायला लावलं. गळती बघायची तर होडी पाण्यात टाकायची नाही, पाणी होडीत टाकायचं. सगळीकडे कोरडं होतं, फक्त पुढच्या बैठकीखाली एक थेंब धरत होता. वन्संनी खडूनं गोल केला. पाणी ओतून होडी पुन्हा पालथी करताना कड निसटली आणि त्यांच्या उजव्या हातावर आली. डॉक्टरांनी मनगट पट्टीत बांधून टाकलं आणि हाताला विश्रांती सांगितली. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं जे वाटलं ते मी कोणाला सांगणार नाही.

"एकच रिबिट राहिलंय," हे दुसऱ्या दिवशी चाचरत म्हणाले. "तू शिरशील का आत?"

"मी चहाचं बघते," वन्सं म्हणाल्या. "जा तू."

मी शिरले. आत अंधार, रंगाचा वास, आणि एवढं घासूनसुद्धा कुठून तरी पुदिन्याचा. वन्संची बसायची घडी होती, ती माझीच जुनी चादर निघाली. पत्र्यावर जिथं तिथं त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. मी ठोकळा दाबून धरला. बाहेरून हातोडी बसली तशी दातांपर्यंत झिणझिण गेली. बोट फिरवून पाहिलं, शेपूट अजून उभं होतं. मी दोन ठोके दिले. बाहेर हे जरा थांबले. दोनाचा अर्थ मला कसा ठाऊक, हे कळलं नसावं. मग पुन्हा हातोडी बसली. आता सपाट लागलं. मी एक ठोका दिला.

मग बाहेरून तीन ठोके आले.

सवयीनं दिले असतील. माझ्यासाठी नसतीलच. तरी माझा हात उचलला गेला आणि मी तीन ठोके दिले.

बाहेरून हसू आलं नाही. पण स्वयंपाकघरातून, माझ्या बिनकडीच्या खिडकीतून, पातेल्यावर चमचा वाजला. तीनदा. मी होडीखालून डोकं बाहेर काढलं, तर हे अंगणात मधोमध हातोडी घेऊन उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते.

मी आत गेले. चहा उतू जाऊन शेगडीभर झाला होता आणि वन्सं डाव्या हातानं पुसत होत्या.

"लक्ष कुठं होतं, वन्सं?"

"तुझं असायचं तिथंच," त्या म्हणाल्या. "दूध रोज उतू जायचं. मला होडीखाली करपल्याचा वास यायचा."

इतके दिवस मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती बाजूला ठेवून त्यांच्या हातातलं फडकं मी धरलं. त्यांनी ते लगेच सोडलं नाही.

"ते तीन ठोके माझे होते," वन्सं म्हणाल्या.

"माहीत आहे."

"रविवारी पुढं तू बस."

"पहिल्या फेरीला तुम्ही बसा, वन्सं. होडी तुम्ही उभी केलीत."

"ह्या हातानं? तोल जायचा माझा." त्यांनी फडकं सोडलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. हे होडीवर हात फिरवत होते. "बस तू. फक्त तिसरा ठोका हळू दे. तू फार जोरात दिलास. लहानपणी तिसऱ्यापर्यंत तो झोपत आलेला असायचा."

मी ओट्यावर बोटानं वाजवून पाहिलं.

"अजून हळू," वन्सं म्हणाल्या.